वजा एक

भोसरीच्या एका वजनकाट्यासाठी लिहिलं होतं आम्ही ते,
नाना पेठेत, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत,
इक्बाल तांबोळी आणि मी.

इक्बाल मराठीत नावं द्यायचा:
रिकामी_गाडी, भरलेली_गाडी,
ड्रायव्हर_किती_खोटं_बोलतो.
आणि मोजायचा एकापासून.
"शून्यावा ट्रक पाहिलाय का कुणी?"
मग शेवटी गुपचूप एक वजा करायचा.

चाकणच्या कुणीतरी ते उघडलं,
आमचं नाव खरवडलं,
निम्म्या भावात विकलं.

त्या रात्री इक्बालने सगळं गढूळ केलं.
नावं गेली. उरले क, ख, कक, कख.
शब्द कुलपात गेले.
सरळ रस्त्याचे बोळ झाले, बोळातून बोळ,
आणि एका बोळाच्या तोंडाशी अट:
कुठलीही संख्या घे, तिच्या पुढचीने गुण,
उत्तर विषम आलं तर इकडे वळ.
येतच नाही विषम, कधीच.
पण आत नुसत्या भिंती आहेत हे कळेपर्यंत
चोराला उजाडतं.
"न तुटणारं कुलूप नसतं गं सुनीती," म्हणाला,
"चोराला रोज परवडू नये, एवढं पुरे."

मार्चमध्ये इक्बाल गेला. ससूनमध्ये, तीन दिवसांत.
जूनमध्ये मूळ प्रतीची डिस्क गेली.
आणि दिवाळीच्या तोंडावर काटेवाल्याचा फोन:
साठ टनांच्या वर आकडा उलटा फिरतोय, मॅडम.

आता चोर मीच.
खाली शटर पडलेलं, वर मी आणि कक, कख, खक.
विषमच्या त्या बोळात दोनदा शिरले,
तो बांधताना शेजारी बसून हसलेली मी.
कुठला ट्रक, कुठला ड्रायव्हर, काही ओळखू येईना.
सगळीकडे कुणाचीच नसलेली अक्षरं.

मग एका पहाटे, गखक नावाच्या कशात तरी,
एक मोजणी दिसली, एकापासून सुरू होणारी.
खाली, तिच्या शेपटाशी,
वजा एक.

यंत्राने नावं पुसली होती.
हे त्याला चूक वाटलं नसावं,
बरोबरही नाही. तसंच सोडलं.

तिथून धागा लागला.
साठ टनांचा हिशेब बसवला,
वजा एकला हात लावला नाही.

पाच रात्री जागले.
बिलात चार लावल्या.