कलम नऊ

करार इंग्रजीत आला, अकरा पानी.
ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले, मराठी प्रत पाहिजे,
सही करायची तर मला वाचता आली पाहिजे.
मग ती अकरा पानं माझ्या टेबलावर.
मे महिना, सत्त्याण्णव साल, धंतोली.
कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास,
टाइपरायटरची फीत बदलून काळी झालेली बोटं,
आणि शब्दकोशात पेजर नव्हता.

'अनामत रक्कम प्रति यंत्र पंधराशे' हे सोपं गेलं.
अडले ते डेड झोनशी.
मी लिहिलं, मृत क्षेत्र.
निखारेसाहेबांनी लाल पेन्सिल फिरवली:
बाई, दवाखाना आहे हा, काय लिहून राहिल्या तुम्ही?
मग मौन क्षेत्र केलं.
कन्हानचा पूल ओलांडला की मौन.
बुटीबोरीच्या अलीकडे दोन किलोमीटर, मौन.
एक्स-रेची खोली, शिशाच्या भिंती, मौन.
सेमिनरी हिल्सवरच्या मनोऱ्याला जे दिसत नाही
ते सगळं कंपनीच्या जबाबदारीबाहेर.

कलम नऊवर दोन दिवस गेले.
इंग्रजी वाक्य पाच ओळींचं, शेपटाला शेपूट.
मी ते पिळलं, झटकलं, वाळत घातलं,
शेवटी एवढंच उरलं:
सोडलेला संदेश पोचला असे समजण्यात येईल.
अध्यक्ष म्हणाले, वा, काय स्वच्छ.
त्या संध्याकाळी लक्ष्मीभुवन चौकात
मी एकटीनं आलूबोंडा खाल्ला, तर्री दोनदा मागून.

सहा पेजर आले, काळे, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे.
फोन लावला की पलीकडे हेमलता गजभिये:
'ऐंशी अक्षरं, ताई. बोला.'
आपण मराठीत बोलायचं, ती इंग्रजी अक्षरांत ठोकणार.
'लौकर या'चं एकदा 'लोकर या' झालं
आणि डॉक्टर मोहरील हसत हसत जिना चढले.

डिसेंबरात, खाट बावीस,
पार्बताबाई उईके, देवलापारच्या.
रात्री पावणेदहाला सिस्टरनं संदेश सोडला.
सव्वादहाला परत. साडेदहाला परत.
मी स्टॉकच्या मोजणीला थांबलेली, बघत होते.
मोहरील कन्हानपलीकडे, भाचीच्या साक्षगंधाला.
पेजर कमरेला होता, चालू होता, सेल नवा होता.
नंतर त्यांनी तो मला दाखवला, दोन्ही हातांत धरून.
काचेवर काहीच नव्हतं.
पार्बताबाईंच्या मुलानं विचारलं, सांगितलं होतं ना डॉक्टरांना?
सिस्टर म्हणाली, हो.

ट्रस्टनं पत्र लिहिलं. उत्तर आलं मराठीत,
आम्हीच करारात तसं मागितलं होतं.
'कृपया कलम नऊ पाहावे.'
आणि खाली अवतरणात माझं वाक्य,
कानामात्रेचा फरक नाही.
चार वेळा वाचलं.
कुठं फट नव्हती. मीच ठेवली नव्हती.

नूतनीकरणाच्या वेळी मी कोणाला न विचारता
नऊ-अ टाइप केलं:
दहा मिनिटांत उलट फोन न आल्यास
संदेश पुन्हा सोडावा, व माणूस शोधावा.
कंपनीनं खोडलं.
'माणूस शोधावा'च्या शेजारी बारीक प्रश्नचिन्ह.

पण ते मी हेमलताला फोनवर वाचून दाखवलं होतं.
तेव्हापासून दहा मिनिटं झाली की तिचाच फोन:
'आले का बाप्पा, ताई, तुमचे डॉक्टर?'
नसले तर ती त्यांच्या घरी लावी, क्लबात लावी,
एकदा तर वर्ध्याला सासुरवाडीत.
मी तिला कधी पाहिलं नाही.

दोन हजार एकला कंपनीच उठली.
कलम सतरा: यंत्रे कंपनीच्या कार्यालयात परत करावीत.
तिथं आता चष्म्यांचं दुकान आहे.
सहाही पेजर माझ्या कपाटात राहिले,
सेल पाझरून हिरवे पडलेले.
अनामत नऊ हजार, येणे बाकी,
दर मार्चला पुढच्या पानावर.

निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना
नव्या पोरानं एक उचलून कानाशी हलवला.
हे काय असते, मॅडम?
म्हटलं, आधी सही कर, मग सांगते.
त्यानं सही केली,
आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला.