गुरुवारची खुर्ची

केस कापायला आला होता अन्सेल्मो.
म्हणजे तसं म्हणाला तरी.
कापड गळ्याशी बांधलं, पाण्याचा फवारा मारला,
कंगवा कपाळावरून मागे नेईपर्यंत
त्याचा डोळा लागला.

सत्तेचाळीस वर्षं साल्तोत दुकान चालवतोय मी.
माणसं खुर्चीत पेंगतात, नवल नाही.
पण ही डुलकी नव्हती.
दोर सुटून बादली विहिरीत जावी
तसा गेला तो खाली.
मान माझ्या तळहातात आली, कलिंगडासारखी जड,
आणि मी कात्री फडक्यावर ठेवली,
वाजू नये म्हणून.

नेलिदाचं सगळ्या गावाला ठाऊक आहे.
संत्र्यांच्या शेडवर तीस हंगाम फळं निवडायची ती,
डाग नुसत्या बोटांनी ओळखायची.
स्वतःच्या पोटातला मात्र
कळला तेव्हा यकृतापर्यंत पसरलेला.
पहिल्या औषधानंतर तिचे केस मीच उतरवले,
त्यांच्या स्वयंपाकघरात, खिडकीशी.
ती हसत होती. अन्सेल्मो केर काढत होता,
एकच फरशी, पुन्हा पुन्हा.

आता चार-चार तासांनी मॉर्फिन.
रात्री दोनला. पहाटे सहाला.
वहीत नोंदी: थेंब, उलटी, लघवी, किती घोट पाणी.
त्या वहीत त्याच्या नावाचं पान नाही.
दारात भेटलं की लोक विचारतात, ती कशी आहे?
मीही तेच विचारत आलो, पाप कशाला लपवू.

नर्स झुल्माने एकदा नेलिदाला तपासलं
आणि याच्याकडे वळून म्हणाली,
"आणि तुम्ही? शेवटचं गरम कधी जेवलात?"
हा आठवत बसला.
इतका वेळ, की तिने पिशवी खाली ठेवली
आणि स्वतःच तव्यावर अंडी फोडली.
शेजारच्या ओफेलियाला तिनेच गळ घातली,
गुरुवारी दुपारी तीन तास बसायची.
"बाहेर जा," याला म्हणाली. "कुठेही."

कुठेही म्हणजे कुठे?
पहिल्या गुरुवारी हा बसथांब्यावर बसून राहिला,
तीन बस सोडल्या.
दुसऱ्या गुरुवारी माझ्याकडे.

मी दारावरची पाटी फिरवली. बंद.
तरी म्हातारा एवारिस्तो दाढीला आत आलाच,
बघितलं, टोपी काढली, भिंतीशी बसला.
मग टपालवाला. मग शाळा सुटलेली दोन पोरं,
त्यांना मी डोळ्यांनीच दटावलं.
कडू येर्बाचा तुंबा हातोहात फिरत राहिला,
शेवटचा भुरका मात्र कुणी वाजवायचा नाही.
आरशातलं घड्याळ उलटं चालत होतं.
म्हटलं चालू दे, तेवढंच.

जागा झाला तो दचकून.
हात आधी पुढे गेला, हवेतली बाटली शोधत.
"किती झोपलो?"
"पाच मिनिटं," एवारिस्तो म्हणाला.
त्याचं खोटं आयुष्यात पहिल्यांदा आवडलं मला.

मग आरशातल्या माझ्याकडे बघत अन्सेल्मो बोलला,
"काल रात्री वाटलं, संपू दे आता.
तिच्यासाठी नाही. माझ्यासाठी."

कोणी काही म्हणालं नाही.
टपालवाल्याने तुंबा पुन्हा भरला, वाफाळता,
आणि पाळी एवारिस्तोची असताना
याच्या हातात दिला.

पैसे काढू लागला. कापलंय काय, मी म्हटलं.
कापडावर चारच केस होते,
तेही माझेच असतील.

आज पाचवा गुरुवार.
केस कानांवर आलेत त्याचे.
ओफेलिया सांगत होती, नेलिदा विचारते,
यामान्दूची कात्री हरवली की काय?
आवाज खोल गेलाय तिचा, पण विचारते.

मी फवाऱ्यात कोमट पाणी भरतो.
पाटी केव्हाच फिरवून ठेवलीय.