पाटीचं गाव

ब्लायनाउ फेस्टिनिओगमध्ये मी गाणं शिकवते. पगार नाही;
एक खोली आहे, दुपारचं सूप आहे,
आणि शनिवार माझा.
शनिवारी पहिली येईल त्या बसमध्ये बसते.
एकदा क्रिकिएथला उतरले, समुद्र पाहिला,
चिप्स सीगलने नेले, कागद वाऱ्याने,
परतीची बस दोन तासांनी.

शाळेत अकरा मुलं.
ग्वेनोने तंबोऱ्याच्या पोटावर टिचकी मारली: खरा भोपळा?
खरा. कडू होता, कुणी खाल्ला नाही, म्हणून उरला गायला.
सा त्यांना लगेच सापडला.
अडली ती ‘सकाळ’मधल्या ळवर.
मग सूड म्हणून मला त्यांचा ल्ल शिकवला:
जीभ टाळूला, वारा कडेने.
माझा ल्ल ऐकून इवान म्हणाला, सायकल पंक्चर झाली.

नोव्हेंबरात ओल शिरली. खुंट्या फुगल्या, जवारी बसली,
तंबोरा नुसता टणटण करायला लागला.
मिरजेला बाबांना फोन लावला.
‘शेकू नकोस. धागा सरकव आणि ऐक.’
सरकवला. ऐकलं. काही नाही.

हॉल बंद करायला एम्रिस पॅरी आला,
चाळीस वर्षं पाटीच्या खाणीत, डाव्या हाताला तीन बोटं.
‘मला गाण्यातलं कळत नाही,’ म्हणाला,
‘चॅपलमध्येसुद्धा मी नुसते ओठ हलवतो.’
पण किल्ल्या खिशात टाकून बसला.
दगड फोडण्याआधी ठोकून बघतात, म्हणाला.
बद्द वाजला तर वाया. घंटेसारखा वाजला
तर त्याची पानं निघतात.

पहिलीत माझी एक पाटी होती, कोपरा उडालेली.
तिचा दगड कुठला, कुणी सांगितलं नाही.
इथला होता असं वाटून घ्यायला मला आवडेल;
पण असेल कुठला तरी जवळचाच.

मी तार छेडत राहिले. तो धागा सरकवत गेला,
केसभर, मग केसाच्या निम्मं.
‘थांब.’
आणि मागच्या थंड खुर्च्यांपर्यंत गंधार पोचला,
कुणी न छेडलेला.

बाबांना फोनवरून ऐकवला. साडेदहा वाजले असतील तिकडे.
बराच वेळ श्वास तेवढा.
मग म्हणाले, ‘ही जवारी तुझी नाही. कुणी लावली?’
सांगितलं. नाव दोनदा सांगावं लागलं.
‘विचार त्याला, कुठल्या कानाने ऐकतो.’
विचारलं.
‘डाव्या,’ एम्रिस म्हणाला, किल्ल्या चाचपत.
‘उजवा सुरुंगाने नेला.’