दम सोडताना

बिटोमच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
एर्विन शोल्तिसेकला मी खिडकीशी बसवलंय.
नाकातून खाली उतरलेली बारीक नळी,
तिच्या टोकाशी करंगळीएवढा फुगा,
मानेवर चिकटवलेल्या चार चकत्या.
एकतीस वर्षं कोळशाच्या पोटात,
वर आला की सिगरेट आणि कबुतरं.
"कबुतरांची धूळ... धरली का... हिशेबात?"
दोन शब्दांमागे एक श्वास, हा त्याचा दर.

लोकांना वाटतं, अशा माणसाला हवा कमी पडते.
उलट आहे. त्याच्यात हवा फार साठलीय:
जुनी, वापरलेली,
मांडव उतरला तरी न हलणाऱ्या पाहुण्यांसारखी.
छातीचं पिंप झालंय, आणि तळाशी श्वासपटल,
घुमटासारखं असायचं,
ते ताटासारखं पसरलंय.
आधीच आखडलेला दोर
आणखी किती आखडणार?
मग मानेचे स्नायू धावून येतात.
एरवी ते मान वळवायला असतात,
कुणाला नाही म्हणायला.
आता खाणीच्या पाळण्यासारख्या
बरगड्या वर ओढतात, मिनिटाला अठ्ठावीस वेळा,
झोपेतसुद्धा.

नळकांड्यातून चार फवारे.
एकेक आत, जेमतेम थांबून, बाहेर.
आता वीस मिनिटं बसायचं.
"दम धर," हेडविगा म्हणते, त्याची बायको.
"जन्मभर... दमच धरलाय," तो म्हणतो.
"सोडायचा कसा... ते सांग."

मी काही बोलत नाही. तो हळूहळू सांगतो
हानोव्हरहून सोडलेल्या एका मादीबद्दल,
सगळी दुसऱ्याच दिवशी आली, ही नवव्या दिवशी,
एक पंख अर्धा, आणि चालत,
गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत चालत.
खाली ट्राम वळते. हेडविगा स्वेटरची गाठ सोडवते.

मग आकडा येतो.
जोराने फुंकलेली हवा: आधी शून्य पूर्णांक एकाहत्तर लिटर,
आता चौऱ्याहत्तर.
"फरक नाही," डॉक्टर प्शिबिवा दारातूनच म्हणतात,
आणि पुढच्या खोलीत जातात.

पण माझ्या पडद्यावर फुग्याच्या लाटा
उतरल्या आहेत. तेवढाच श्वास, कमी मजुरी.
मानेच्या चकत्यांखाली जवळजवळ शांत.
पाहुण्यांपैकी अर्धा लिटर उठून गेले असावेत,
आणि ताट कडेने किंचित
घुमटाकडे वळलंय.
चार-पाच तास. मग पाहुणे परततील, हे मला माहीत आहे,
त्यालाही.

"चहा आणू?" मी विचारते.
तो मान हलवतो. नको.
सावकाश, डावीकडून उजवीकडे,
जणू मान त्याचीच आहे.
आणि मग दाराकडे बघत, एका दमात:
"हेडविगा, ती पिवळी पिशवी बाहेरच राहिली बघ."
सात शब्द. मी बोटांवर मोजले.
फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता,
मी कडेला पेन्सिलने सात लिहिलं.

पिशवीत मका होता.