आतली कडी

एजन्सीच्या बाईनं फोनवर विचारलं,
कशी हवी?
जणू मी पडद्याचं कापड घ्यायला निघालेय.
पन्नाशीची की पंचविशीची, राहणारी की येऊन जाऊन,
जॉर्जियाची, तुर्कमेन, की मोल्दोवाकडची गागाउझ,
"त्यांना आपली तुर्की शिकवावी लागत नाही, शेबनेम हानम."
मी म्हटलं, प्रेमळ.
ती म्हणाली, ते सगळेच लिहितात.

तुना आठ महिन्यांचा. सोमवारपासून मला
परत औषधांच्या दुकानात उभं राहायचंय.
ओर्हुन जहाजावर, जूनपर्यंत नाही.
सासूबाई पलीकडच्या किनाऱ्यावरून फेरीनं आल्या,
वहीत चौदा प्रश्न घेऊन.
सिगारेट ओढते का, आधीचं घर का सोडलं,
ताप चढला तर आधी काय करशील.
ह्या शेवटच्याचं उत्तर मी दिवसातून वीसदा काउंटरवर देते,
आणि तुनाचं अंग तापलं की माझेच हात कापतात.

पहिली नानुली, बटुमीची.
तीन घरं, पाच मुलं, प्लास्टिकच्या फायलीत शिफारसपत्रं.
तुनाला घ्यायच्या आधी बोटातली अंगठी काढून खिशात टाकली.
सासूबाईंनी टेबलाखालून मला कोपर मारलं:
हीच.

दुसरी एकोणीस वर्षांची. इतकी हसली
की चहा निवून गेला. तुनाही हसला.
मग तिचा फोन वाजला, आणि ती त्यातच राहिली.

तिसरी दोमनिका. बर्फानं भिजलेले बूट
दाराबाहेर एकमेकांना टेकवून ठेवले.
तुना? ती तर आमच्याकडची नदी, म्हणाली,
आणि त्याला हात लावला नाही.
"आधी त्याला बघू दे मला."
तो बघत राहिला, लाळ गाळत, न्यायाधीशासारखा.
चौदा प्रश्न, चौदा छोटी उत्तरं.
मग म्हणाली, आता माझी खोली बघू?

खोली म्हणजे काय,
इस्त्रीचं टेबल, कपड्यांचं मशीन,
ओर्हुनच्या गळाच्या काठ्या,
आणि त्यांतून उरलेला पलंग.
ती आत गेली. दार लावलं.
दार आपसूक उघडलं.
तिनं पुन्हा लावलं.
ते पुन्हा बोटभर उघडलं,
बहुधा आम्ही राहायला आलो तेव्हापासून उघडतंय तसं,
आणि मला कधी दिसलंच नव्हतं,
कारण तिथं कधी कुणी झोपलंच नव्हतं.

"आतून कडी नाही," ती म्हणाली.
तक्रार नाही, विनवणी नाही.
दुकानात लोक सांगतात ना, इथं दुखतंय,
तसं.

सासूबाईंचा पारा चढला. कडी कशाला? रात्री पोर रडलं तर?
"रडलं तर मी उघडेन.
कडी माझ्याच हाताशी असेल."

ती गेल्यावर मी नानुलीची फाइल पुन्हा चाळली.
एक डाग नाही. बाई खरंच चांगली.
सासूबाई म्हणाल्या, हिची आत्ताच ही तऱ्हा, पुढे काय?
मला नीट उत्तर देता आलं नाही.
तुनाला उद्या पाय फुटतील, एवढंच म्हटलं,
बंद दारावर आधी टकटक करायची असते
हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.
माझ्या आईनं मला नाही सांगितलं.
तिच्या दारावर कुणी कधी केलीच नव्हती.

शनिवारी पितळी कडी आणली. चार स्क्रू.
तिसरा वाकडा गेला, तसाच आहे.
सासूबाईंनी दार धरलं, तोंड फिरवून,
पण धरलं.

आता महिना झाला. घराचा काही स्वर्ग झाला नाही.
दोमनिकाचं सूप खारट. रविवारी ती फोन उचलत नाही.
तुना एकदा पडला, कपाळाला टेंगूळ;
मी घरी यायच्या आधी तिनंच कळवलं,
आणि माझी चूक, हेही.

रात्री दहाला पलीकडून आवाज येतो:
टक्.
अंधारात, माझ्या कुशीत,
तुना जीभ टाळूला लावतो
आणि उत्तर देतो.