तीन पूर्णांक दोन

म्बिताच्या धक्क्यामागे, जिथे जाळी वाळत घालतात,
तिथे आपोंडीचं पत्र्याचं दुकान.
पाटी नाही. खिळ्याला एक मेलेला कंदील टांगलाय,
तीच पाटी.

नैरोबीहून बटाट्याच्या गोणीत येतात
लॅपटॉपांची पोटं.
ती कवच उचकटते,
शेंगेची शीर ओढावी तशी निकेलची पट्टी सोलते,
आणि सेल घरंगळतात टेबलावर:
अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट लांब,
गुलाबी, निळे, एखादा गंजून हिरवट.

दोन व्होल्टच्या खाली गेलेला ती थेट डब्यात टाकते.
भरेल की पुन्हा, मी म्हणतो.
"भरेल. पण आत तांबं विरघळलंय त्याच्या.
राग गिळून बसलेल्याला
आग्रह करून वाढू नये."

उरलेले भरून आठवडाभर फळीवर.
काम काही नाही, नुसतं बसायचं.
जो बसल्या बसल्या उतरतो, तो बाद.
(हे सांगताना ती माझ्याकडे का बघते, कोण जाणे.)

पाऊच तिला मुळीच चालत नाहीत.
चंदेरी, लुसलुशीत, आणि एक दिवस
उशीसारखे फुगून बसतात.
"कणा नाही त्याला
दोन्हीकडून किती दिवस दाबून धरायचं?"

निकेल-कोबाल्टवाले तापट, पण हात सढळ.
त्यांना चार पूर्णांक दोनवर थांबवायचं.
उतू नये, मातू नये.
त्यातला कोबाल्ट कुणीतरी खणलाय
इथून नैऋत्येला, दोन सरहद्दी पलीकडे.
ती सेल कानाशी नेते कधीकधी. विचारलं तर म्हणते,
माशी होती.

आणि मग किसुमूच्या मोडीत निघालेल्या बसमधले
चौकोनी, विटांसारखे. लोह-फॉस्फेट.
चार ओळीनं जोडले की झाला कंदिलाचा डबा.
नव्वद टक्के भरलेला: तीन पूर्णांक तीन.
निम्मा: तीन पूर्णांक दोन, वर थोडं.
पाव उरला तरी तीन पूर्णांक दोन.
चेहऱ्यावरून पोटातलं कळत नाही.
आणि मग एकदम,
ओल्या दगडावरून पाय जावा तसा.

"ओबुरा असाच," ती म्हणाली एकदा, सोल्डरचा धूर फुंकत.
एकोणीस वर्षं रात्रभर तलावावर,
पहाटे विचारलं की, बरा आहे.
त्या दिवशीही चार वाजता बरा होता.
पाच वाजता त्याला
ओमेनाच्या ताडपत्रीवरच निजवला, मासे बाजूला सारून.

म्हणून व्होल्ट बघू नकोस, ती मला शिकवते.
किती आत गेलं, किती बाहेर आलं, ते लिही.
वहीत प्रत्येक डब्याचं पान आहे.
परवा शेवटून वही उघडली
तर तिथे माझं नाव, खाली तारखा,
आणि समोर: चार तास. पाच. साडेतीन.
मी किती झोपलो ते.

गेल्या महिन्यात एक विक्रेता आला,
बूट चिखलात रुतलेले, हातात नवा सेल.
सोडियमचा, मिठातला म्हणा ना.
ताकद कमी, पण हा शून्यावर नेऊन ठेवला
तरी मरत नाही.
"शून्यावर?"
शून्यावर.
"मग भरला की पुन्हा...?"
पहिल्यासारखा, बाई.
तिनं भाव न करता एक घेतला.

अजून कुठल्या कंदिलात घातलेला नाही.
फळीच्या टोकाला उभा आहे, रिकामा,
वहीत त्याला पान नाही.

आज अमावास्या. होड्या निघाल्यात.
अंधारात एकेक दिवा लागतो, आपोंडी मोजते:
नऊ, दहा, अकरा.
बारावा रापुडोचा, उशिरा लागतो नेहमी.
ती उभीच राहते दारात,
हातात गरम इस्त्री विसरून, सोल्डरची,
टोकाला लकाकणारा थेंब
थंड होत जातो.