बावन्न की त्रेपन्न

पोहोर्येच्या चढावर, तिसऱ्या फेरीत,
बेकरीवाली झ्देन्का सायकल खांद्यावर घेते.
ओल्या मुळांवर चाक जागीच फिरतं.

पुढे पोस्टमन ब्लाझ, तिच्याच गल्लीतला,
मानेवर वाळलेला चिखल.
पहिला आलेला पोरगा
केव्हाच हातपाय धुऊन सूप पितोय.
इथे भांडण आहे
बावन्नाव्या नंबराचं.

उतार लागतो. ती ब्रेक सोडते.
दात वाजतात, साखळी खडखडते,
स्प्रूसची फांदी गाल ओरबाडून जाते.
ब्लाझ वळून बघतो,
ओळखतो,
आणि वाट देत नाही.

काय बरं वाटतं तिला!
नवरा गेल्यापासून
दुकानात, चर्चमध्ये, जिन्यावरसुद्धा
सगळे हळूच बाजूला होतात.

कोपर बाहेर काढून
ती घुसते.